मधपेट्या उचलायच्या कशाने? हातगाडी, डोली आणि पट्ट्यांचा तीन हंगामांचा अनुभव

नागपूर जिल्ह्यात मेलिफेरा, म्हणजे युरोपीय जातीच्या, मधमाश्यांच्या पेट्या पाळणाऱ्या माणसाचे वर्ष फुलोऱ्यामागे फिरण्यात जाते. नोव्हेंबरात तुरीचे शेत, जानेवारी-फेब्रुवारीत काटोल-नरखेडकडच्या संत्र्याचा आंबिया बहार, एप्रिलमध्ये करंजाची झाडे, असा माझा स्वतःचा फेरा आहे. माझ्याकडे 42 पेट्या आहेत. प्रत्येक स्थलांतरात प्रत्येक पेटी एकदा गाडीत चढते आणि एकदा उतरते, म्हणजे तीन स्थलांतरांत 252 वेळा पेटी हाताने उचलावी लागते, आणि हे सगळे सूर्य मावळल्यावर, माश्या आत परतल्यावर, विजेरीच्या उजेडात करायचे असते. तीन वर्षांपूर्वी माझ्या कमरेने याविरुद्ध पहिली तक्रार केली. तेव्हापासून पेट्या उचलण्याची आणि हलवण्याची जी साधने मी विकत घेतली, बनवून घेतली किंवा मागून आणून वापरली, त्यांचा हा अनुभव आहे. आपल्याकडे मधाच्या प्रतीबद्दल, रोगांबद्दल, राणीमाशीबद्दल पुष्कळ बोलले जाते, पण या ओझ्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही, आणि पन्नाशी ओलांडलेले कितीतरी मधपाल केवळ पेट्या उचलवत नाहीत म्हणून हा व्यवसाय सोडतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

साधन घेण्यापूर्वी वजन माहीत असावे, म्हणून मी टांगायच्या काट्यावर दोन-चार पेट्या तोलून पाहिल्या. तळपाट, झाकण, माश्या, पिल्ले आणि थोडा साठा यांसह खालचा शिशुकक्ष, म्हणजे राणी अंडी घालते तो डबा, 31 किलो भरला, आणि संत्र्याच्या मधाने भरलेला पूर्ण उंचीचा मधकक्ष, म्हणजे मध साठवायचा, पोळ्याच्या दहा चौकटींचा वरचा डबा, 36 किलो भरला. दोन्ही मिळून 67 किलो झाले. अमेरिकेतील नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी संस्था वजन उचलण्याचे गणित मांडताना सर्वांत अनुकूल स्थितीतही, म्हणजे ओझे शरीराजवळ, कमरेच्या उंचीला, धरायला चांगली पकड आणि अंगाला पीळ नाही अशा वेळी, 23 किलो हा आकडा धरते. आपण तर एका फुटाच्या स्टँडवरून, वाकून, अंधारात, हातमोजे घालून उचलतो. एकट्याने एक कक्ष उचलणे हेसुद्धा मर्यादेबाहेरचे काम आहे, ही गोष्ट मला काट्यावरचा आकडा पाहिल्यावर नीट पटली.

मी सर्वांत आधी जे घेतले ते इतवारीतल्या लोहाओळीत मिळणारी दोन चाकांची तयार हातगाडी होती, जिला दुकानदार सरळ ‘ट्रॉली’ म्हणतात आणि जी गोदामात सिमेंटच्या गोण्या किंवा खोकी हलवायला वापरतात. किंमत 3,800 रुपये. लोखंड चांगले, जोड पक्के, रंगही टिकाऊ होता. गोदामाच्या फरशीसाठी ती उत्तमच असावी, पण मधपेटीसाठी तिच्यात दोन मोठ्या उणिवा निघाल्या, आणि त्यांतली दुसरी मला फार महागात पडली.

पहिली उणीव चाकांची होती. ही चाके सहा इंची, भरीव रबराची आणि अरुंद होती. आपल्या काळ्या मातीत, विशेषतः आदल्या दिवशी ठिबक चालू असलेल्या संत्र्याच्या बागेत, असे चाक भाकरीत बोट रुतावे तसे रुतते. दोन ओळींमधून पेटी नेताना झाडाची आळी आणि ठिबकच्या नळ्या दर काही पावलांवर आडव्या येतात. नळीवरून भरीव चाक गेले की पेटीला धक्का बसतो, आणि नळी फुटली तर सकाळी बागमालकासमोर मान खाली घालावी लागते. माझ्याकडून दोन ठिकाणी लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, फुटली आणि तिची भरपाई मी करून दिली.

दुसरी उणीव समजायला पेटीची रचना लक्षात घ्यावी लागते. मेलिफेरासाठी वापरल्या जाणाऱ्या लँगस्ट्रॉथ पद्धतीच्या पेटीचे बाहेरचे माप सुमारे 508 बाय 413 मिलिमीटर असते. आतल्या चौकटी लांबीच्या दिशेने, दोन्ही टोकांवर टांगलेल्या असतात. पेटी लांबीच्या दिशेने तिरपी केली, तर चौकटी आपापल्या पातळीतच राहतात आणि एकमेकींवर आपटत नाहीत. पेटी आडव्या दिशेने तिरपी केली, तर मात्र प्रत्येक चौकट झोक्यासारखी शेजारच्या चौकटीवर जाऊन आपटते आणि मधल्या माश्या चेंगरतात. म्हणून हातगाडीची पाठ नेहमी पेटीच्या आखूड बाजूला, आणि तीही प्रवेशद्वाराच्या विरुद्ध बाजूला, लागली पाहिजे. माझ्या तयार ट्रॉलीचा खालचा पत्रा पुढे फक्त 22 सेंटीमीटर होता. पेटी योग्य दिशेने ठेवली, तर तिच्या वजनाचा मध्य पाठीपासून 25 सेंटीमीटरवर, म्हणजे पत्र्याच्या बाहेर पडत होता आणि पेटी पुढे कलंडत होती. लांब बाजूने ठेवली तर ती कशीबशी बसत होती. घाई होती, गाडीवाला हॉर्न वाजवत होता, आणि आम्ही दोघा भावांनी त्या रात्री सगळ्या पेट्या लांब बाजूने, म्हणजे चुकीच्या दिशेने तिरप्या करून नेल्या.

चार दिवसांनी तपासणी करताना अकरा क्रमांकाच्या पेटीचे झाकण काढले तेव्हाच आतला आवाज वेगळा वाटला. शांत वसाहतीची गुणगुण एकसारखी असते, तर राणी गमावलेल्या वसाहतीत ती चढ-उताराने, कण्हल्यासारखी येते. तिसऱ्या चौकटीवर, पोळ्याच्या मधोमध, नेहमीच्या घरांना ओढून-ताणून बनवलेली आणीबाणीची राणीघरे, म्हणजे राणी गेल्यावर नवी राणी वाढवण्यासाठीची घरे, लोंबत होती, भुईमुगाच्या शेंगेच्या रंगाची आणि पोताची. ताजे अंडे एकही नव्हते. पाच आणि सहा क्रमांकाच्या चौकटींमध्ये माश्यांचा चपटा झालेला थर वाळून चिकटला होता. राणी त्याच थरात सापडली. संत्र्याचा फुलोरा पंधरा-वीस दिवसांचा खेळ असतो. नवी राणी निघून, मिलन होऊन, अंडी घालू लागेपर्यंत तो संपून गेला आणि त्या पेटीने त्या हंगामात मधाचा थेंब दिला नाही. यात ट्रॉली बनवणाऱ्याचा दोष नाही, कारण त्याने ती मधपेटीसाठी बनवलीच नव्हती. निवडताना चूक माझी झाली.

त्यानंतर हीच ट्रॉली हिंगणा रस्त्यावरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात नेऊन बदलून घेतली. पत्रा काढून त्या जागी 45 सेंटीमीटर लांबीचे दोन काटे लावले, आणि ते जमिनीलगत न ठेवता 28 सेंटीमीटर उंचीवर बसवले, जेणेकरून स्टँडवरच्या पेटीच्या तळपाटाखाली ते सरळ शिरतील आणि पेटी आधी हाताने खाली उतरवण्याची गरज राहणार नाही. चाके बदलून हवा भरायची, सुमारे दहा इंची, 4.10/3.50-4 या मापाची घेतली. या मापाची चाके, टायर आणि ट्यूब सुटे मिळतात, हा मोठा फायदा आहे. या बदलांना 2,600 रुपये लागले. म्हणजे एकूण खर्च 6,400 रुपये झाला, जो कमी नाही, पण आता एक माणूस पूर्ण पेटी न वाकता स्टँडवरून उचलून बागेबाहेर पांदण रस्त्यापर्यंत नेऊ शकतो. हवेचे चाक मऊ असल्याने नळीवरून अलगद जाते, धक्का निम्म्याहून कमी वाटतो आणि ओल्या मातीतही चाक फारसे रुतत नाही.

तिचे दोष सांगणेही आवश्यक आहे. काटे उंचीवर घेतल्यामुळे वजनाचा मध्य वर गेला आहे आणि आडव्या उतारावर, उदाहरणार्थ धुऱ्यावरून उतरताना, ती एका बाजूला झुकू पाहते. अशा जागी शेजारी दुसरा माणूस हवाच. आणि दुसरा, विदर्भात टाळता न येणारा दोष म्हणजे बाभळीचा काटा. आपल्या धुऱ्यांवर बाभूळ आणि बोर नाही असे शेत विरळ. पहिल्याच हंगामात तीनदा पंक्चर झाले, आणि रात्री साडेदहाला काटोल तालुक्यातल्या शेतात पंक्चर काढणारा मिळत नाही. नंतर मी ट्यूबमध्ये पंक्चररोधक द्रव भरून घेतला आणि एक तयार फुगवलेले सुटे चाक गाडीत ठेवू लागलो. फेस भरलेले, पंक्चर न होणारे चाकही मिळते, पण ते तितके मऊ नसते आणि माझ्या हाताला त्याचा धक्का अधिक जाणवला.

मधल्या काळात एका परिचित मधपालाकडून महिनाभरासाठी हाताने फिरवायच्या विंचची उचलगाडी आणून पाहिली. परराज्यातून मागवलेली ही गाडी पेटीला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरते आणि हँडल फिरवले की दोरीवर ती वर उचलते. वरचा मधकक्ष थोडा उचलून खालची तपासणी करण्यासाठी हे साधन फार चांगले आहे, आणि ज्यांच्या पेट्या वर्षभर एका जागी, पक्क्या किंवा समतल जमिनीवर असतात, ज्यांना पाठीचा आजार आहे किंवा जे एकटेच काम करतात, त्यांनी ते जरूर पाहावे. माझ्यासारख्या फिरत्या माणसाला मात्र ते सोयीचे नाही. ती गाडीच सुमारे तीस किलोची आहे, म्हणजे आणखी एक ओझे, आणि तिचा चिमटा एका ठरावीक मापासाठी बनवलेला आहे. माझ्याकडे दोन वेगवेगळ्या सुतारांच्या पेट्या आहेत आणि त्यांच्या रुंदीत आठ-दहा मिलिमीटरचा फरक आहे. जाड पेटीवर चिमटा पुरता बसत नाही आणि बारीक पेटीवरून घसरतो. एकदा वरचा कक्ष जमिनीपासून हातभर उंचीवर असताना घसरला. खाली गवत होते म्हणून चौकटी वाचल्या.

आता ज्या साधनाने माझे काम खऱ्या अर्थाने सोपे केले त्याबद्दल सविस्तर लिहितो. आम्ही त्याला ‘डोली’ म्हणतो. तत्त्व जुनेच आहे. दोन माणसांनी पुढे-मागे चालत, पेटी तिरपी न करता, सरळ नेणे. मी पुन्हा त्याच वेल्डिंगवाल्या भाऊंकडे गेलो आणि कागदावर मापे लिहून दिली. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, “भाऊ, मापं नका सांगू, पेटीच घेऊन या.” दुसऱ्या दिवशी रिकामी पेटी आणि स्टँड घेऊन गेलो, आणि हा सल्ला किती मोलाचा होता हे नंतर कळले.

डोलीत एक इंची चौकोनी पाइपचे, प्रत्येकी दीड मीटर लांबीचे दोन दांडे असतात. प्रत्येक दांड्यावरून इंग्रजी एल अक्षरासारखे दोन आकडे खाली लोंबतात, आणि त्यांचे पाय तळपाटाखाली सहा सेंटीमीटर आत शिरतात. पहिल्या खेपेला मी आकड्यांची उंची बारा सेंटीमीटर सांगितली होती. ती डोली दोन कारणांनी निकामी ठरली. दांडे जमिनीपासून जेमतेम 42 सेंटीमीटरवर आल्याने दोघांनाही वाकूनच उचलावे लागत होते, आणि पेटीच्या वजनाचा मध्य दांड्यांच्या वर राहिल्याने चालताना पेटी डोलत होती. दुसऱ्या खेपेला आकडे 40 सेंटीमीटरचे केले. आता दांडे 70 सेंटीमीटरवर, म्हणजे हात सरळ सोडले की मुठीत येतात तेथे आले, आणि वजनाचा मध्य दांड्यांच्या खाली गेला. दोन कक्षांची पेटी आता टांगलेल्या हंड्यासारखी स्थिर राहते. खर्च 1,950 रुपये आला, आणि डोलीचे स्वतःचे वजन सात किलोच्या आत आहे.

यात एक धोका आहे तो सांगतो. वजन पडले की आकड्यांचे पाय बाहेर सरकू पाहतात. म्हणून समोरासमोरच्या आकड्यांची खालची टोके साखळीने जोडावी लागतात, आणि ही साखळी तळपाटाच्या खालच्या पट्ट्यांमधील फटीतून जाते. तुमच्या तळपाटाला अशा पट्ट्या नसतील, तर आधी त्या ठोकून घ्याव्यात, मगच डोलीचा विचार करावा. शिवाय उचलणारे दोघे सारख्या उंचीचे असतील तर उत्तम. माझा धाकटा भाऊ माझ्यापेक्षा चार इंच उंच आहे, म्हणून तो मागच्या बाजूला दांड्यांना बांधलेल्या पट्ट्याच्या मुठी धरतो, ज्या दांड्यांपेक्षा थोड्या वर येतात. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण 37 किलो येतात. हेही कमी नाही, पण ते दोन हातांत सारखे वाटलेले, अंगालगत आणि न वाकता उचललेले असतात, आणि आम्ही चाळीस पेट्या दीड तासात गाडीपर्यंत नेतो. आकडे लोंबते असल्याने पुढच्याने आळ्यात पाय ठेवला तरी पेटी सरळच राहते. या दोन हंगामांत डोलीने हलवलेल्या एकाही पेटीतली राणी गेलेली नाही.

हातगाडी असो वा डोली, पेटीचे कक्ष, तळपाट आणि झाकण एकजीव बांधलेले नसतील तर सगळे व्यर्थ आहे. पूर्वी मी सुताची दोरी वापरत असे. ती दवाने ओली झाली की घट्ट होते आणि वाळली की सैल पडते. नायलॉनची दोरी ताणली जाते. आता पॉलिस्टरचे, 25 मिलिमीटर रुंदीचे रॅचेट पट्टे, म्हणजे दातेरी खटकीने आवळायचे पट्टे, वापरतो. प्रत्येक पेटीला दोन पट्टे, थोडे अंतर ठेवून. स्वस्तातले पट्टे घेऊ नयेत, कारण त्यांची खटकी पत्र्याची असते आणि दुसऱ्याच हंगामात दात झिजतात. माझ्या पहिल्या डझनातले पाच असे गेले. पट्टा इतकाही आवळू नये की झाकणाचा पत्रा चेपेल. बोट घातल्यावर तारेसारखा वाजला की पुरे. वापर नसताना पट्टे उन्हात पेटीवर तसेच ठेवू नयेत, आपल्या उन्हात त्यांचा धागा लवकर कुजतो. खटकीला शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब दिला की ती पावसाळ्यानंतरही अडकत नाही.

गाडीत चढवणे हा वेगळा टप्पा आहे. माझे काम बहुतेक वेळा छोट्या हत्तीवर भागते. त्यासाठी तीन मीटर लांबीची, आडव्या पट्ट्या ठोकलेली सागाची फळी ठेवली आहे. फाळका साधारण 75 सेंटीमीटर उंच धरला, तर या फळीवर 67 किलोची पेटी आणि 13 किलोची ट्रॉली, असे 80 किलो चढवायला ओझ्याच्या पाव हिस्सा, म्हणजे सुमारे 20 किलोचा जोर आणि थोडे घर्षण एवढेच लागते. फळी आखूड घेऊन पैसे वाचवणे हा तोट्याचा व्यवहार आहे, कारण फळी निम्मी केली की जोर दुप्पट लागतो. गाडीत पेट्या लावताना चौकटींची दिशा रस्त्याच्या दिशेला समांतर ठेवावी, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चौकटी एकमेकींवर जात नाहीत. प्रवेशद्वारावर जाळी आणि वर हवेशीर जाळीचे झाकण हवेच. मेण बासष्ट-चौसष्ट अंशांना वितळत असले, तरी त्याच्या कितीतरी आधी ते मऊ पडते, आणि नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत मधाने जड झालेले नवे पोळे एका गचक्याने गळून पडते. त्या दिवसांत मी पेट्या हलवतच नाही.

अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात चार-चार पेट्या एका पॅलेटवर ठेवून फोर्कलिफ्टने किंवा ट्रकवर बसवलेल्या क्रेनने उचलतात. कॅलिफोर्नियाच्या बदामाच्या बागांसाठी दर फेब्रुवारीत लाखो वसाहती अशाच हलवल्या जातात. आपल्या पांदण रस्त्यांवर आणि चाळीस-पन्नास पेट्यांच्या व्यवसायात ते बसत नाही, म्हणून त्याचा खर्च मी तपासलाही नाही. कमरेला बांधायचा पट्टाही मी एक हंगाम वापरला. तो बांधल्यावर आपण जास्त वजन उचलू शकतो असे वाटू लागते आणि तेच घातक ठरते. नायॉशनेही 1994 साली निरोगी कामगारांना दुखापत टाळण्यासाठी असे पट्टे वापरण्याची शिफारस न करण्याचाच निष्कर्ष काढला होता.

ज्यांच्याकडे सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, पेट्या आहेत त्यांनी यांतले काहीही घेऊ नये. ती पेटी लहान असते, दोन पट्टे आणि दोन हात पुरतात. मेलिफेरा नव्याने सुरू करणाऱ्यांना मात्र माझे आग्रहाचे सांगणे आहे की मधकक्ष पूर्ण उंचीचे न घेता मध्यम उंचीचे, 168 मिलिमीटरचे घ्यावेत. भरल्यावर ते पंचवीस किलोच्या आसपास राहतात. पेट्या सरकारी योजनेतून दहाच्या संचाने मिळणार असतील, तरी पुढचे मधकक्ष स्वतः करून घेताना हा बदल करता येतो. मी हे उशिरा केले. आता माझ्या निम्म्या पेट्यांवर असे मधकक्ष आहेत आणि ते काढताना मला डोलीची आठवणही होत नाही.

पुढच्या आंबिया बहारासाठी मी दुसरी डोली करायला टाकली आहे, आकड्यांच्या पायांना रबर चिकटवून, कारण उघड्या लोखंडाने तळपाटाचे लाकूड चेपते. दुकान चार दिवसांत काम देते. तेथे जाणाऱ्यांनी रिकामी पेटी, तळपाट आणि स्टँड, तिन्ही सोबत न्यावे, आणि दोन वेगवेगळ्या सुतारांच्या पेट्या असतील तर दोन्ही न्याव्यात.